छत्रीचं काळं कापड

अठरा मे. काम: पुस्तिकेची मुद्रितं तपासणं.

एकूण सोळा पानं. विषय जुन्या कागदांचं किडींपासून रक्षण, मुखपृष्ठावर खाली माझं नाव. नारायण पेठेतल्या छापखान्यातून काल आली, उद्या परत द्यायची आहेत. टेबलावर मुद्रितं, लाल पेन आणि सकाळच्या टपालातलं एक पत्र. पत्राचं नंतर सांगते.

आठ पानं झाली. नवव्या पानावर अडले आहे. त्या पानावर छपाईची चूक एकही नाही. तिथे वेखंडाच्या पुरचुंड्यांची माहिती आहे: शनिवार पेठेतल्या आमच्या दप्तरखान्यात कागदांच्या प्रत्येक गाठोड्यात, म्हणजे रुमालात, वेखंडाचे तुकडे बांधलेली एक लहान पुरचुंडी असते. ही कल्पना माझी. ती माझी आहे हे आमच्या सरांनी प्रस्तावनेत लिहिलं आहे, मागे एकदा वर्तमानपत्रातही आलं होतं, आणि तिच्याच जोरावर मी संरक्षण विभागाची प्रमुख झाले. या पानावर कमल शेटे यांचं नाव कुठेही नाही. ते असावं की नसावं, यावर माझी सकाळ गेली. एरवी मी कशालाच इतका वेळ लावत नाही.

शेटेबाई आमच्याकडे आल्या तेव्हा मला तिथे चार वर्षं झाली होती. माझ्याकडे प्राणिशास्त्राची पदवी, त्यातही कीटक हा खास विषय, वर दिल्लीला जाऊन केलेला कागद सांभाळण्याचा अभ्यासक्रम. शेटेबाई मॅट्रिक. वडिलांचं खडकी बाजारात किराणा मालाचं दुकान होतं, ते पुढे भाऊ बघत होता. लग्न केलेलं नव्हतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, काटकुळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला. खडकीहून लोकलने शिवाजीनगरला उतरायच्या आणि तिथून चालत यायच्या. ऑफिस साडेदहाचं. दहाला त्या पायरीवर बसलेल्या असत. कुलूप उघडणाऱ्या दगडूमामांना वर "या, या" असं म्हणत, जणू पाहुणे तेच.

पहिल्या दिवशी त्यांना काम शिकवायला सरांनी मला सांगितलं. मी त्यांना भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं केलं.

"ही कसर. ही वाळवी. आणि हा सगळ्यांत वाईट, तपकिरी भुंगेरा," मी पट्टीने दाखवत म्हटलं. त्याचं लॅटिन नावही सांगितलं.

शेटेबाई तक्त्याच्या जवळ गेल्या. "हा होय? हा तर धण्यातला."

"धण्यातला वेगळा असेल."

"पाठीवर बारीक रेघा आहेत ना? मग तोच. हळकुंडात असतो, सुंठीत असतो." मग माझ्याकडे वळून, अगदी काळजीने, "तुम्ही धणे कुठून घेता?"

संध्याकाळी घरी जाऊन मी धण्याचा डबा उघडला. तोच होता.

इथूनच सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही. लोक मत्सर हा शब्द दुसऱ्यांबद्दल वापरतात. मी स्वतःबद्दल वापरते आहे. मला त्या बाईंचा मत्सर वाटत असे. पगाराचा नव्हे, तो माझा जास्त होता. रूपाचा नव्हे, तिथे आम्ही दोघी सारख्याच. जी गोष्ट मी सहा वर्षं पुस्तकांतून शिकले, ती त्यांना दुकानाच्या फळीवर बसून नुसती माहीत होती, याचा.

त्यांचं हत्यार एकच. मोडक्या छत्रीचं काळं कापड. काड्या काढून, धुऊन, चौकोनी कापून, कडा शिवून घेतलेलं. रुमाल तपासायला घेतला की ते कापड टेबलावर अंथरायचं, त्यावर रुमाल आडवा ठेवायचा, तळहाताने तीनदा थोपटायचं, अंगावरच्या पोराला थोपटतात तसं, आणि उचलायचं. कापडावर पीठ पडलं का बघायचं. पडलं असेल तर त्यात बोट फिरवायचं. पीठ फिकट आणि सुटं असलं तर "चालू आहे." मळकट आणि गोळा झालेलं असलं तर "जुनं." एवढंच. त्यापुढे त्या बोलत नसत. मी भिंग घेऊन, पानं मोजून, भोकांची नोंद करून दोन तासांनी त्याच निष्कर्षाला येई, आणि कधीकधी येतही नसे.

"भोक म्हणजे किडा नव्हे, लेलेबाई," त्या म्हणायच्या. "भोक म्हणजे किडा गेला."

हे खरं आहे. अळी आतल्या आत खाते, पंख फुटले की भोक पाडून बाहेर पडते. मला हे परीक्षेत आलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. पण असं एका वाक्यात नव्हतं लिहिलं.

दुसरं एक वाक्य त्या संशोधकांना ऐकवायच्या. कुणी म्हणालं, "काय हो, नेमकं महत्त्वाचंच पत्र खाल्लं!" की शेटेबाई मान वर न करता म्हणत, "किड्याला अक्षर कळत नाही, खळ कळते." खळ म्हणजे पानं चिकटवायची पिठाची लापशी. मोठमोठे अभ्यासक त्यावर गप्प होत. मलाही तसं कुणाला गप्प करायला आवडलं असतं.

त्यांचे नियम होते आणि ते त्यांनी कुणालाही न विचारता लागू केले. मांडण्यांच्या खोलीत डबा नाही. गजरा नाही. आमच्या टंकलेखिकेने एकदा केसांत मोगरा घालून आत पाऊल टाकलं, तर दारातच, "सुनीता, गजरा खुंटीला. जाताना घाल." स्वतः जेवायच्या बाहेरच्या पायरीवर, पावसाळ्यातही, एका हाताने छत्री धरून. ती छत्री धड होती. फाटली की तिचंही कापड व्हायचं.

दसऱ्याला आमच्याकडे रुमालांची पूजा असे. मधल्या खोलीत, मांडण्यांवरच झेंडू, हळदकुंकू, अक्षता. या अक्षता कापडाच्या घड्यांत जातात आणि किड्यांना आमंत्रण देतात, असं टिपण मी पूर्वीच सरांना दिलं होतं. इंग्रजीतून, संदर्भांसह. सरांनी ते वाचलं, छान म्हणाले आणि फायलीत लावलं. शेटेबाईंच्या पहिल्या दसऱ्याला सर सोवळं नेसून तबक घेऊन उभे, आणि या दारात आडव्या.

"सर, पूजा व्हरांड्यात करू."

"अहो शेटेबाई, परंपरा आहे ही."

"किड्यांचीपण परंपरा आहे सर. आपल्याहून जुनी."

सर हसले. हसले आणि तबक घेऊन व्हरांड्यात गेले. त्या वर्षीपासून पूजा व्हरांड्यात होते, एकच रिकामा रुमाल चौरंगावर ठेवून. माझं टिपण अजून फायलीत आहे. मध्ये एकदा मी ते काढून पाहिलं. त्याला काही झालेलं नाही, एकही भोक नाही.

मग ते देणगीतले रुमाल आले. एका जुन्या घराण्याने माळा रिकामा करताना आमच्याकडे पाठवलेले, चाळण झालेले. मी पाहिल्याबरोबर सांगितलं, सगळे विषारी धुरीच्या कपाटात. शेटेबाईंनी काळं कापड अंथरलं, थोपटलं, बोट फिरवलं.

"जुनं. औषध नको."

"चाळण झाली आहे, शेटेबाई!"

"झाली होती. आता कुणी नाही त्यात."

"आणि असलं तर? बाकीचे रुमाल शेजारीच आहेत. जबाबदारी कोणाची?"

आमचे आवाज चढले तसे सर बाहेर आले. शेटेबाई म्हणाल्या, "लेलेबाईंचं बरोबर आहे, खात्री हवी. प्रत्येक पुठ्ठ्याच्या भोकांवर पातळ कागद चिकटवू. रुमाल वेगळ्या खोलीत ठेवू. पावसाळाभर बघू. आत कुणी असेल तर कागद फोडून बाहेर येईल. एक जरी नवं भोक पडलं तर मी खोटी."

कागद मीच चिकटवले. घट्ट. पूर्ण पावसाळा मी दर सोमवारी त्या खोलीत जाऊन भोक शोधत होते. खरं सांगायचं तर भोक पडावं अशी माझी इच्छा होती. दुसऱ्याच्या घराण्याचे दोनशे वर्षांचे कागद खाल्ले जावेत, म्हणजे मी बरोबर ठरेन, असं मला दर सोमवारी वाटत होतं. घटस्थापनेपर्यंत एकही भोक पडलं नाही. त्यानंतर दप्तरखान्यात कुणालाही काही अडलं की सर म्हणू लागले, "शेटेबाईंना विचारा." हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले असतील त्याला गणती नाही. एकदा मला स्वतःलाच एका रुमालाबद्दल शंका आली, तेव्हा सर मलाही तेच म्हणाले.

तेव्हा मी वेखंड काढलं.

कल्पना वाईट नव्हती. जुन्या पोथ्यांत वेखंड ठेवतातच. मी ते पद्धतशीर केलं: मलमलीचे सारखे तुकडे, सारखं वजन, प्रत्येक पुरचुंडीवर रुमालाचा क्रमांक. ऑफिसातल्या सगळ्या बायकांना बसवून शिवून घेतल्या. शेटेबाईंनीही शिवल्या, त्यांची शिलाई सगळ्यांत बारीक. शिवता शिवता म्हणाल्या, "दर मेमध्ये बदलायला लागेल हं. वेखंड जुनं झालं की वास जातो. मग तेच किडतं."

"किडे पळवणारं वेखंड किडतं?"

"दुकानात बघते ना मी. तोच, धण्यातला."

मला वाटलं, माझी कल्पना सरांना आवडली ते या बाईंना सहन होत नाही. माणूस स्वतःवरून दुसऱ्याला ओळखतो म्हणतात, तसंच झालं. पुढच्या मेमध्ये वेखंड बदलायचं मी मुद्दाम टाळलं. विसरले नाही. त्यांनी सांगितलं होतं म्हणून केलं नाही. त्याच्या पुढच्या मेमध्येही नाही. पुरचुंड्या माझ्या, त्यांना हात लावायचा नाही, असं मी दगडूमामांनाही बजावून ठेवलं होतं. सगळ्यांसमोर, म्हणजे शेटेबाईंसमोरही.

त्या वर्षी संरक्षण विभाग नव्याने होणार होता आणि त्याला प्रमुख नेमायला कार्यकारिणीची समिती येणार होती. नावं दोन होती, माझं आणि त्यांचं. शिक्षण माझ्या बाजूने, "शेटेबाईंना विचारा" त्यांच्या बाजूने. समिती यायला आठ दिवस होते. शेटेबाई दुपारी माझ्या टेबलाशी आल्या, काळं कापड अंथरलं आणि त्यावर माझी एक पुरचुंडी ठेवली. थोपटली. फिकट, सुटं पीठ. त्यात मोहरीहून जरा मोठे असे चार-पाच तपकिरी दाणे.

"मेलेले आहेत," मी म्हटलं.

"सोंग करतात. थांबा जरा."

आम्ही दोघी त्या कापडाकडे बघत उभ्या राहिलो. मिनिटभराने एका दाण्याला पाय फुटले आणि तो चालू लागला.

"किती रुमालांत?" मी विचारलं.

"मागची मांडणी पूर्ण. त्यातलं वैद्यांचं बाड गेलं."

ते बाड मी बघून आले. एका वैद्य घराण्यातल्या तीन पिढ्यांनी हाताने लिहिलेली औषधं. किडा खळीच्या बाजूने शिरला होता आणि पानांच्या उजव्या कडेने आरपार गेला होता. औषधाचं नाव वाचता येत होतं, कशावर द्यायचं तेही. किती द्यायचं, ते गेलं होतं. सगळ्या पानांवर.

तो आठवडा शेटेबाई सकाळी नवाला येत होत्या. एकेक पुरचुंडी काढायची, घट्ट झाकणाच्या डब्यात टाकायची, रुमाल थोपटायचा, चालू असेल तर वेगळा काढायचा, नसेल तर त्यात नवं वेखंड. नवं वेखंड खडकीहून, भावाच्या दुकानातलं. मी त्यांच्या शेजारी बसून तेच केलं. कामापुरतं बोललो. समिती आली तेव्हा पुरचुंड्या ताज्या, खोलीभर वेखंडाचा वास. अध्यक्षांनी एक हुंगून पाहिली, म्हणाले, "वा! ही कल्पना कुणाची?" सरांनी माझं नाव सांगितलं. मी शेटेबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीच्या चौकटीला वाळवी आहे का ते बघत होत्या.

मला नेमणूकपत्र मिळालं त्या दिवशी मी त्यांना पायरीवर गाठलं. "तुम्ही समितीला का नाही सांगितलंत?"

"काय?"

"वेखंडाचं. माझं. त्या जागेवर तुम्ही असता."

शेटेबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "किडा दाखवला असता तर घाबरून त्यांनी सगळ्या दप्तराला औषध मारलं असतं. मागे एकदा मारलेलं, ते कागद बघा कसे पिवळे पडलेत. हाताने तुटतात." मग उठता उठता, "बाकी जागेचं म्हणाल, तर मला इंग्रजीत पत्रं लिहायला कुठे येतात?"

माझ्यावर उपकार केले असते तर मी फेडले असते किंवा विसरले असते. त्यांच्या मनात माझा विचारच नव्हता. मी सहा वर्षं ज्या शर्यतीत धावत होते, तिच्यात पलीकडून कुणी धावतच नव्हतं. इतका मत्सर मला त्यांचा त्याआधी कधी वाटला नव्हता.

त्या निवृत्त झाल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. निरोपसमारंभात त्यांनी शाल घेतली, तिची घडी उलगडून उजेडात धरली, म्हणाल्या, "लोकर आहे. कसर बघायला हवी." भाषण केलं नाही. काळं कापड बरोबर घेऊन गेल्या. मला वाटलं होतं, ठेवून जातील.

शेवटचं पाहिलं ते गेल्या पावसाळ्यानंतर. खडकीच्या क्वार्टर्समध्ये माझी मावसबहीण राहते, तिच्याकडून परतताना बाजारातून आले. शेटेबाई भावाच्या दुकानात फळीवर बसल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, अजून काटकुळ्या. समोर एक गिऱ्हाईक बाई धणे परत घेऊन आलेली. दोघींच्या मध्ये ते कापड, आता विटून करडं झालेलं. शेटेबाईंनी पिशवी त्यावर थोपटली, बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "तुमचं खरं आहे. चालू आहे. दुसरे देते." मी रस्त्याच्या या बाजूला उभी होते. जावं की न जावं, असं चाललं होतं, तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं.

"लेलेबाई! यंदा बदललं का वेखंड?"

"बदललं."

"कधी?"

"मेमध्ये."

"मग ठीक." आणि त्या धणे मोजायला वळल्या. कशा आहात, सर कसे आहेत, काही नाही.

आता ते पत्र. एका तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयाच्या चिटणिसांचं आहे, मोत्यासारख्या अक्षरात. लिहितात: 'तीन वर्षांपूर्वी आपल्या दप्तरखान्याविषयी वाचून आम्हीही सर्व हस्तलिखितांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या. तेव्हापासून आम्ही निर्धास्त आहोत. बस्ते उघडून पाहण्याचीही गरज राहिलेली नाही. आपले आभार मानावे तेवढे थोडे. आपल्या आगामी पुस्तिकेच्या पन्नास प्रती आसपासच्या ग्रंथालयांसाठी पाठवाव्यात.'

तीन वर्षं. बस्ते उघडून न पाहता. त्या गावात सध्या काय चालू आहे, ते मी इथे बसून सांगू शकते.

'वेखंड दर वर्षी बदलावे' एवढं वाक्य नवव्या पानावर घातलं की काम भागतं. नाव घालायची सक्ती नाही. दुपारी मी ते वाक्य समासात लिहिलंही. वाचून पाहिलं. मला हे वाक्य शिवता शिवता फुकट मिळालं होतं आणि तरी मी दोन वर्षं ऐकलं नव्हतं. नुसत्या सूचना कोण पाळतं? काय झालं ते सांगावं लागतं. आणि ते सांगायचं तर कोणाचं ऐकलं नाही, तेही सांगावं लागतं. दुसरी वाट मी बराच वेळ शोधली. सापडली नाही.

एकोणीस मे. सकाळी आधी तारऑफिसात जाऊन त्या चिटणिसांना तार केली: पुरचुंड्या ताबडतोब काढा, बस्ते तपासा, पत्र मागून येत आहे. मग छापखान्यात गेले आणि नववं पान नव्याने लिहून दिलं. खिळे जुळवणाऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं: "वेखंड दर वर्षी मे महिन्यात बदलावे. जुन्या वेखंडालाच कीड लागते. हे मला कमल शेटे यांनी सांगितले होते. मी ऐकले नाही आणि त्यात औषधांचे एक हस्तलिखित बाड गेले." मग विचारलं, "या शेटे कोण?"

"आमच्याकडे होत्या."

"नाव ठळक अक्षरांत घेऊ?"

"नको," मी म्हटलं. "साध्याच घ्या."